विहिरीच्या काठावरचा धडा

मंडळी, मूल शाळेतून घरी आलं की आपण विचारतो, "गणितं सुटली का रे?" इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची चौकशी कोणी करत नाही. सनावळ्या पाठ करायच्या आणि परीक्षा झाली की विसरायच्या, एवढीच त्या विषयांची किंमत! पण समाज कसा चालतो हे मुलाला तिथंच कळायचं असतं.

तर गुरुजी, एकदा वर्ग गावच्या विहिरीवर न्या. पहिला प्रश्न विचारा : हे पाणी येतं कुठून? आपल्या देशावरचा बराचसा खडक काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मुरेल तेवढंच पाणी साठतं. म्हणून एक विहीर आटते, जवळचीच दुसरी टिकते. हा झाला भूगोल.

दुसरा प्रश्न जरा अवघड : पूर्वी इथं पाणी कोण भरी, आणि कोणाला भरू देत नसत? याचं उत्तर मुलांनी घरच्या आजीला विचारून आणावं. प्रत्येक आळीतल्या आजीला. उत्तरं सारखी येणार नाहीत. मग त्यांना महाडची हकीकत सांगा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. पण ठराव राहिला कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. तेव्हा त्या लोकांना मारहाण झाली. हायकोर्टाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडलं. हा झाला इतिहास.

तिसरा प्रश्न : आज हक्क कोणाचा? १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमानं सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर जातीवरून आडकाठी करायला मनाई केली. १९९३ पासून अमलात असलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत पिण्याचं पाणीही घातलं. तेव्हा मुलांना ग्रामसभेला न्या, मागं बसू द्या. नळ कुठल्या आळीला आधी येतो, कुठल्या आळीला शेवटी, हे त्यांना ऐकू द्या. हे नागरिकशास्त्र.

आईबापांनो, आजीचं उत्तर ऐकताना कुणाची मान खाली जाईल, कुणाला जुना राग येईल. तरी मुलाला गप्प करू नका. शेजारच्या आळीचं दुःख त्याला शाळेत कळलं, तर उद्या पंचायतीत बसताना ते त्याच्या ध्यानात राहील.