काम गेलेला माणूस कुणाच्या यादीत?

(व्याख्यानमालेत सेक्टर ६, भिलाई येथे दिलेले व्याख्यान)

सप्टेंबर २०२२ मध्ये सीएमआयई या खासगी संस्थेच्या पाहणीत छत्तीसगडचा बेरोजगारीचा दर ०.१ टक्का निघाला. तो देशातला सर्वांत कमी दर होता आणि राज्य सरकारने तो मोठ्या अभिमानाने मिरवला. काही महिन्यांतच, १ एप्रिल २०२३ पासून, त्याच सरकारने दरमहा अडीच हजार रुपयांचा बेरोजगारी भत्ता सुरू केला. हजारात एकच माणूस बेकार असेल तर हा भत्ता कुणासाठी? उत्तर मोजणीच्या रीतीत आहे. केंद्र सरकारची श्रमशक्ती पाहणी घ्या. तिच्या नेहमीच्या निकषानुसार वर्षभरात जेमतेम तीस दिवस काही दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. २०२३-२४ मध्ये या निकषाने देशाचा दर ३.२ टक्के आला आणि १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही, तो हाताला लागेल ते काम धरतो आणि आकड्यातून नाहीसा होतो. बेकार म्हणून दिसतो तो घरच्यांच्या आधारावर थोडे थांबू शकणारा शिकलेला तरुण. आपले सरकारी धोरण या थांबलेल्या तरुणालाच ओळखते. ज्याचे काम गेले त्या माणसासाठी त्यात जागा नाही, आणि माझ्या मते बेरोजगारीच्या आपल्या राजकारणातला मूळ दोष हाच आहे.

हा दोष भिलाईत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला. दहा लाख टनांच्या क्षमतेने सुरू झालेला कारखाना आज सत्तर लाख टनांवर पोचला आहे. याच प्रवासात कायम कामगारांची संख्या ऐंशीच्या दशकातल्या आकड्याच्या निम्म्याहून खाली आली. स्वेच्छानिवृत्ती झाली, रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि उरलेले काम ठेकेदारांकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सेलच्या, म्हणजे या कारखान्याच्या मालक कंपनीच्याच, खटल्यात निर्णय दिला की ठेका पद्धत बंद केली तरी ठेकेदाराचा कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कायम कामगाराला काढायचे तर नोटीस द्यावी लागते, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. त्यासाठी सलग एक वर्षाची सेवा दाखवावी लागते, आणि ठेकेदार बदलत राहिला की ती दाखवणेच कठीण होते. ठेका संपला की या माणसाला कुणी काढून टाकत नाही. त्याला फक्त दुसऱ्या दिवशी बोलावले जात नाही. कायद्याच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते.

आता या माणसाला २०२३ च्या भत्त्याच्या अटी लावून पाहा. वय १८ ते ३५, किमान बारावी पास, रोजगार कार्यालयात दोन वर्षे जुनी नोंदणी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि एका घरात एकालाच लाभ. चाळिशीतला, आठवी शिकलेला, काल ठेका संपलेला कामगार पहिल्याच दोन अटींत बाद होतो. नोंदणीची अट तर उलटीच आहे, कारण ती दोन वर्षे वाट पाहिलेल्यालाच बेकार ठरवते. वेळापत्रकही बोलके आहे. आश्वासन २०१८ च्या निवडणुकीतले, अंमल २०२३ च्या निवडणुकीआधी सात महिने. हा एकाच पक्षाचा दोष मानू नये. महाराष्ट्रात दुसऱ्या आघाडीच्या सरकारने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला सहा हजार, पदवीधराला दहा हजार, आणि तेही सहा महिन्यांपुरते. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले आणि मुदत पाच महिन्यांनी वाढली. अडीच हजार किंवा दहा हजार रुपयांना मी कमी लेखत नाही. ज्याच्या घरात ते येतात त्याला त्यांची किंमत ठाऊक असते. पण जे सरकारच्या मर्जीने सुरू होते ते त्याच्याच मर्जीने थांबते, आणि थांबले तर दाद मागायला जागा नसते.

याहून वेगळा मार्ग महाराष्ट्राने दाखवला आहे आणि तो पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. दुष्काळ ओसरल्यावर कामे गुंडाळून टाकणे सोपे होते. तसे झाले नाही. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढाने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया, म्हणजे अगदीच क्षुल्लक होती. पण चूक कुणाची हे त्या एका रुपयाने ठरवून टाकले. तोवर काम नसणे हे मजुराचे दुर्दैव समजले जाई. त्यापुढे ते सरकारचे थकलेले देणे झाले.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदानेही कामाच्या हक्काला आर्थिक कुवतीची मर्यादा घातलेली आहे. पण कुवत ठरवावी लागते. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून तो कापला आणि तेवढीच भर सरकारने घातली. शहर गावासाठी देत होते आणि पगारपत्रकावर ते दिसत होते. फुकट पैशाने माणूस आळशी होतो, हा दुसरा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. मे महिन्याच्या उन्हात किमान मजुरीसाठी खडी फोडायला येणाऱ्याला आळशी म्हणणे हा त्याचा अपमान आहे. गंभीर आक्षेप तिसराच आहे. कायद्यात भत्ता असला तरी तो प्रत्यक्षात फारसा कुणाला मिळाला नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही मजुरीच्या चौथ्या हिश्शापासून भत्ता ठेवला होता, आणि तो राज्यांनी द्यायचा होता. मागणीची पावतीच न देणे हा त्यावरचा कार्यालयीन तोडगा ठरला. हे मान्य करूनही मी हमीच्याच बाजूने आहे, कारण पावती नाकारल्याबद्दल मजूर भांडू शकतो. योजना बंद झाल्याबद्दल तो कुणाशी भांडणार?

ही हमी मात्र ग्रामीण होती, अंगमेहनतीची होती, आणि भिलाई शहर आहे. इथे लागणारा दुसरा नमुनाही महाराष्ट्रातलाच आहे. हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळाकडे असते, व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी व रजा मिळतात. मालक रोज बदलला तरी कामगाराची नोंद तुटत नाही. या मंडळांत भ्रष्टाचार आणि दमदाटी शिरली, हे खरेच आहे, आणि त्यावर कडक हिशेब तपासणी हवी. पण अशाच धर्तीच्या गोदी कामगारांच्या योजनेत काम नसलेल्या दिवशीही हजेरी भत्ता मिळे, हे विसरू नये. कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१८ पासून काम गेलेल्यांसाठी साहाय्य आहे, २०२० मध्ये ते सरासरी वेतनाच्या निम्म्यापर्यंत वाढले. तरी ते आयुष्यात जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे, आणि ज्याची विम्याची नोंद सलग आहे त्याच्यापुरते. नोंद सलग ठेवणारे मंडळ असेल तरच ते ठेका कामगारापर्यंत पोचेल.

यंत्रे आली, माणसे कमी लागणारच, असे यावर म्हटले जाते. याच कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने यंत्राला नकार दिला नव्हता. अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला होता. किती हात कमी करायचे हा निर्णय माणसे घेतात, आणि ज्यांचे हात कमी होतात त्यांची सोय लावणे हा त्याच निर्णयाचा खर्च आहे. मंडळाची सुरुवात भिलाईच्या खासगी औद्योगिक क्षेत्रापासून करता येईल, जिथे राज्याच्या अधिकाराबद्दल वाद नाही. १९९० पासून तिथल्या कामगारांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले. त्या लढ्यादरम्यान २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा खून झाला आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्टेशनवर कामगारांवर गोळीबार झाला. त्या मागणीपुढे मंडळाची मागणी फार लहान आहे, आणि तिचा मसुदा छत्तीसगडच्या विधानसभेत पुढच्याच अधिवेशनात मांडता येण्यासारखा आहे.