सुरा नको, कात्री घ्या

पहिले दोन-चार पाऊस झाले की पावलं सह्याद्रीकडे वळतात. बूट, रेनकोट, खाण्याचे डबे यांची यादी होते. प्रथमोपचाराच्या डब्यात मात्र घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या जातात.

आमचंही तसंच होतं. रतनवाडीहून रतनगड चढताना एक मित्र शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि त्याच्या नडगीला खोक पडली. पॅंट कापायला दुसऱ्यानं वीतभर पात्याचा चकचकीत सुरा काढला. थरथरत्या हातातलं ते पातं जवळ येताना पाहून जखमी गडी दुखणंच विसरला! शेवटी एका मैत्रिणीजवळची शिवणाची कात्री कामी आली. बांधायला मिळाला घामाचा पंचा.

तेव्हापासून माझ्या डब्यात पहिला मान बोथट टोकाच्या, पट्ट्या कापायच्या कात्रीला. कातडीला न टोचता ती कपड्याखाली सरकते. दोरी, फळं यांसाठी बोटभर पात्याचा मिटणारा चाकू पुरतो. उघडल्यावर पातं पक्कं अडकणारं हवं. झुडपं तोडायची वेळ आलीच, तर गावातल्या वाटाड्याचा कोयता आणि त्याचा सराव आपल्यापेक्षा भारी असतो.

बाकी सामान साधंच. हातमोजे, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, दोन क्रेप बँडेज, दोन-तीन त्रिकोणी पट्ट्या, जंतुनाशक मलम, काटे काढायला चिमटा, ओआरएसच्या पुड्या आणि ज्याची त्याची रोजची औषधं. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून सलग दहा मिनिटं घट्ट दाबायचं. मध्येच उचलून बघायचं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. साप चावला, तर कात्री-चाकूला हात लावू नका. जखमेवर चीर देऊन विष बाहेर येत नाही. उलट घोणस आणि फुरसं यांच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. मग आपण दिलेली चीरच थांबता थांबत नाही. दोरी आवळली तर हात-पाय गमावण्याची वेळ येते. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. हाड मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव काठीच्या आधारानं, फार न आवळता, त्रिकोणी पट्टीनं बांधा. चावल्याची वेळ लिहून ठेवा. माणसाला चालवू नका. झोळी करून उचला. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष कुठल्या रुग्णालयात आहे ते विचारून तिकडेच न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री डबा उघडून बघा. मुदत संपलेलं काढा, कात्री चालते का पाहा. आणि डबा कुणाच्या पिशवीत, कुठल्या कप्प्यात आहे, हे सगळ्यांना सांगून ठेवा. कोण जाणे, घसरणारा गडी नेमका डबा भरणाराच असायचा!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)