बिनकामाची सत्तावीस स्टेशने

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘माझा प्रवास’. प्रवास म्हटला की काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी असावे. माझा प्रवास कफ परेडपासून आरेपर्यंतचा, जमिनीखालच्या नव्या मेट्रोचा. अंतर साडेतेहतीस किलोमीटर, तिकीट सत्तर रुपये. एका दमात केला तर तासाभरात आटोपतो. मला साडेतीन महिने लागले, कारण त्या मार्गावरच्या सत्तावीसही स्टेशनांवर मी उतरले.

“तिथे काय काम होते?” असे तुमच्या मनात आलेच असेल. मुलाने हेच विचारले, सुनेने विचारले, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानेही विचारले. काम काहीच नव्हते.

आपण बायका घराबाहेर पडत नाही असे कोणी म्हणू नये. बाजार, बँक, दवाखाना, बारसे, समाचाराला जाणे. पायाला भिंगरी लागलेली असते. पण कारण नेहमी हातातल्या पिशवीसारखे सोबत असावे लागते. रिकाम्या हाताने जिना उतरणारी बाई दिसली की शेजारीण विचारणारच, “कुठे निघालात?” आणि “कुठे नाही, सहजच” हे उत्तर कोणालाच पटत नाही. पुरुष नाक्यावर तासभर उभा राहिला तर त्याला कोणी कारण विचारीत नाही. हे गेल्यावर माझी बाहेर पडायची कारणे एकेक करून संपत आली. दवाखाना संपला, पेन्शनचे कागद झाले. मग दिवसचे दिवस दार उघडायचे ते दूधवाल्यासाठी.

ही मेट्रो टप्प्याटप्प्याने आली. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी, २०२५ च्या मे महिन्यात आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत. आपल्या माटुंग्याला काही ती शिवत नाही. आपल्याला दोन रेल्वे स्टेशने आहेत, त्यांतले मध्य रेल्वेचे तर २०१७ पासून संपूर्णपणे बायकांनी चालवून दाखवले, आणि त्याची लिम्का बुकात नोंदही झाली. तेव्हा आपण रुसायचे कारण नाही. झेड पुलावरून पलीकडे उतरून सावकाश चालत गेले की अर्ध्या तासात शीतलादेवीचे मेट्रो स्टेशन येते. माझी सुरुवात तेथूनच झाली, २०२५ च्या दिवाळीनंतरच्या बुधवारी.

नियम मीच केले. दर बुधवारी दोन स्टेशने. गाडीतून नुसते पाहिले तर ते मोजायचे नाही. फाटकाबाहेर पडून जमिनीवर यायचे, पाव तास चालायचे आणि एका तरी अनोळखी माणसाशी बोलायचे. लंडनमध्ये म्हणे एका दिवसात तिथल्या मेट्रोची सगळी, म्हणजे २७२, स्टेशने गाठायची शर्यत असते. अठराएक तास धावतात आणि गिनीजच्या पुस्तकात नाव जाते. त्यांना प्रत्येक स्टेशनाला वर रस्त्यावर यावे लागत नाही. असली धावपळ आपली सकाळी सात ते नऊ रोजच होते, त्यासाठी तिकीट कशाला काढायचे?

वर येण्याचा नियम मी हट्टाने पाळला, त्याला कारण आहे. लोकलच्या खिडकीतून मुंबई दिसते: वाळत घातलेल्या गोधड्या, गॅलरीतली तुळस, रुळांकडेची पालकाची वाफी. या गाडीच्या खिडकीबाहेर मात्र काळोख. एकटे आरे जमिनीवर आहे, बाकी सव्वीस पोटात. धारावी आणि बीकेसीच्या मध्ये मिठी नदी डोक्यावरून जाते, तेही कळत नाही. हे बोगदे खणायला सतरा यंत्रे होती आणि त्यांना नावे आपल्या नद्यांची: कृष्णा, गोदावरी, तापी, वैनगंगा, वैतरणा, तानसा. कष्टाचे काम आणि नाव बाईचे, हे आपल्याला नवे नाही. पण या कामाची सूत्रे बराच काळ अश्विनी भिडे या सनदी अधिकारी बाईंच्या हाती होती, हेही सांगितले पाहिजे.

शीतलादेवीला बाहेर आले तर समोर लेडी जमशेटजी रस्ता. या नावावरून मी आयुष्यभर गेले आहे. त्या अवाबाई जमशेटजी जिजीभाई. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, माणसे जात. तेव्हा १८४० च्या दशकात माहीम-वांद्र्याच्या मधला बांध व्हावा म्हणून या बाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या काळचे दीड लाख! आपण तो रस्ता ‘एल. जे. रोड’ करून टाकला आणि बाई त्यातून नाहीशी झाली.

महालक्ष्मीला उतरणार असाल तर एक सांगून ठेवते. ते स्टेशन रेल्वेच्या महालक्ष्मीजवळ आहे, देवीच्या देवळाजवळ नव्हे. ओटी घेऊन निघालात तर पुढे टॅक्सी करावी लागेल.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना मी सिद्धिविनायकाला म्हणून नेले. देवाचे नाव घेतले की घरून कोणी अडवीत नाही. दर्शन झाल्यावर मी म्हटले, “काकू, एक स्टेशन पुढे जाऊ या, वरळीला.”

“वरळीला आपले कोण आहे ग?”

“कोणी नाही.”

“मग?”

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात गाडी आली आणि आम्ही चढलो. वर येऊन पाहतो तो रस्त्याच्या पाटीवर डॉ. ॲनी बेझंट. काकूंना सांगितले, या परदेशातून येथे आल्या, येथल्याच झाल्या, आणि १९१७ साली काँग्रेसच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. काकूंनी ऐकून घेतले, पण त्यांचे लक्ष शेंगदाणेवाल्याकडे होते. पुडी घेतली आणि तिथेच, पदपथावर उभ्या राहून, एकेक दाणा सोलून खाल्ला. लग्न होऊन आल्यापासून रस्त्यात उभे राहून काही खाल्ले नव्हते, म्हणाल्या. पुढच्या बुधवारी दहाच्या आधीच काकू जिन्याशी तयार उभ्या, आणि हातात पिशवी नव्हती.

हुतात्मा चौकाला मात्र मी एकटी गेले. आमच्या ह्यांची नोकरी तिथल्या एका कचेरीत, एकतीस वर्षे. आठ-चाळीसची धीमी लोकल, बोरीबंदर, पुढे चालत. साडेनऊला डबेवाला दारात येई, त्याच्या आत पोळ्या, भाजी, कोशिंबीर आणि ताकाची बाटली भरून तयार ठेवायची. रोज माझा डबा तिथे जाऊन परत येई. त्या डब्याने फ्लोरा फाउंटन हजारो वेळा पाहिले. मी त्या कचेरीच्या दाराशी कधी उभी राहिले नव्हते. काम काय होते माझे तिथे?

सरकत्या जिन्याने वर आले. एका हाताला १८६४ सालचे कारंजे, आणि जवळच मशाल धरलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे स्मारक. पत्ता पाठ होता, दर वर्षी दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर घालीत होते. इमारत दगडी, कमानींची. आता तिथे दुसरीच कचेरी आहे. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारले, “कोणाकडे जायचे?” मी म्हटले, “कोणाकडे नाही, पाहायला आले.” भला माणूस. त्याने स्टूल पुढे केले. म्हणाला, दुपारी एकला डबे येऊन इथेच, या कमानीखाली लागतात. मी थांबले. खरेच आले. आता पूर्वीइतके नाहीत, पण आले. कोण्या बाईने भल्या सकाळी उठून भरलेले ते डबे ओळीने लागलेले मी पाहिले आणि मगच उठले.

संक्रांत २०२६ साली बुधवारीच आली. पर्समध्ये तिळगूळ होता. गिरगाव स्टेशनावर तपासणीला बसलेल्या मुलीला दिला. तिने यंत्रात माझी पर्स पाहिली होती, म्हणाली, “आजी, मला वाटलेच, डब्यात लाडू आहेत!”

शेवटचे आरे. तिथे आनंद पुरता होईना. या गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली, तीही रात्रीतून सुरुवात करून. ज्या गाडीने मला घराबाहेर काढले, तिच्यासाठीच. कोण किती बरोबर, हे मला सांगता येत नाही. काकू आणि मी उरलेल्या झाडांखाली बराच वेळ बसलो, एवढेच.

आता पुढचा बेत मेट्रो एकचा: वर्सोवा ते घाटकोपर, बारा स्टेशने. ही २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली, आणि तिची पहिली गाडी रूपाली चव्हाण या तरुणीने चालवली. येत्या बुधवारी सकाळी दहाला आपल्या माटुंगा स्टेशनच्या तिकीटखिडकीशी जमायचे आणि लोकलने घाटकोपर गाठायचे. काकूंसह आम्ही चौघी आहोत. घरी कारण काय सांगायचे ते जिचे तिने ठरवावे. ही मेट्रो पुलावरून जाते, तेव्हा जिने चढावे लागतील. गुडघ्याचा पट्टा ज्यांच्याकडे असेल त्यांनी बांधून यावे.