छोटा कॅमेरा, मोठा फोटो आणि धावती मोटारसायकल
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात गंभीर विषयांवर बोलणारे विद्वान मंडळात पुष्कळ आहेत. आमच्या वाट्याला कॅमेरा आला आहे, आणि तोही आमच्याच एका फजितीमुळे.

आमचा भाचा बंगळूरला नोकरी करतो व सुट्टीत मोटारसायकलच्या शर्यतींत उतरतो. त्याची आजी, म्हणजे आमच्या मातोश्री, सांगलीला असतात. 'नातू तिकडे करतो तरी काय, ते मला एकदा दिसू दे,' एवढेच त्यांचे मागणे. मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही. हातात धरता येईल असा कागदावरचा फोटो त्यांना हवा होता. म्हणून आम्ही एक छोटा डिजिटल कॅमेरा खरेदी केला आणि चेन्नईच्या वाटेवरील इरुंगाट्टुकोट्टई गाठले. जुन्या सभासदांनी शोलावरमच्या धावपट्टीवरील शर्यती पाहिल्या असतील. त्यांच्यानंतर 1990 मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा हा बांधीव मार्ग सुरू झाला.

दिवसभरात ऐंशी फोटो काढले. बहुतेकांत मोकळा रस्ता, दोन-तीनांत एखादे मागचे चाक, आणि भाचा एकाही फोटोत नाही!

दोष आमच्या निवडीचा होता. दुकानात आम्ही 'मेगापिक्सेल किती?' एवढेच विचारले होते. वस्तुतः 8 बाय 12 इंची फोटो इंचाला 300 ठिपक्यांनी छापला, तरी 2400 गुणिले 3600, म्हणजे सुमारे 86 लाख ठिपके पुरतात. 10 मेगापिक्सेलच्या वरचे जे काही, ते कडा कापून घेण्यापुरते उपयोगी.

विचारायला हवे होते ते निराळेच. बटण दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत किती वेळ जातो? ताशी 144 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 40 मीटर जाते. कॅमेऱ्याने अर्धा सेकंद लावला, तर ती 20 मीटर पुढे निघून गेलेली असते. दुसरे, संवेदक केवढा? साध्या छोट्या कॅमेऱ्यात तो सुमारे 6 बाय साडेचार मिलिमीटरचा, तर 'एक इंची' म्हणतात तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, क्षेत्रफळ चौपट. ढगाळ दिवशी जलद शटर ठेवूनही छापील फोटोवर रवा कमी दिसतो, तो त्यामुळे. तिसरे, भिंगाचा झूम किती? डिजिटल झूम म्हणजे निव्वळ कातरकाम. आणि चौथे, डोळा लावून पाहण्याची खिडकी आहे काय? भर उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो. या चारही गोष्टी एकत्र मिळणारे छोटे कॅमेरे स्वस्त नाहीत. तेव्हा खर्चात काटकसर करायची तर ती मेगापिक्सेलमध्ये करावी.

मात्र उत्तम कॅमेराही अर्धेच काम करतो. पुढल्या खेपेस आम्ही सरळ रस्ता सोडून वळणाशी उभे राहिलो. गाड्या जिथून जातात त्या जागेवर बटण अर्धे दाबून आधीच फोकस धरून ठेवला. शटर 1/125 सेकंदावर ठेवले आणि गाडीबरोबर कमरेतून वळत, न थांबता बटण दाबले. 1/1000 वर गाडी जागच्या जागी उभी केल्यासारखी दिसते. या रीतीने गाडी स्पष्ट येते आणि मागचे जग पुसले जाते. चाळिसांतले तीन फोटो साधले. आम्हांला एकच हवा होता.

तो मोठा छापून सांगलीला पाठविला. मातोश्रींनी आधी नातवाचा गुडघा पाहिला. जमिनीला टेकायला आलेला. मग मागच्या पुसट रेषांवरून बोट फिरवून त्यांनी विचारले, "एवढ्या जोरात?" इतकी वर्षे भाच्याने फोनवर जे सांगण्याचे टाळले होते, ते त्या कागदाने सांगून टाकले. त्या रात्री त्यांनी त्याला फोन केला. रागावल्या नाहीत; शिरस्त्राणाचा पट्टा नीट बांधतोस ना, एवढेच विचारले.

दूरदेशी राहणाऱ्या आपणा सर्वांना आपले खरे जगणे घरच्यांना दाखविण्याची थोडी भीतीच वाटते. कॅमेरा निवडताना आम्ही म्हणूनच विनवितो: मेगापिक्सेल मोजू नका; तो फोटो कोणाच्या हातात जायचा आहे, ते आधी ठरवा.