कंबरेचे कडे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्हांस कळविण्यात आला तेव्हा कळविणारांच्या मुद्रेवर जे मंद हास्य होते, त्याचा अर्थ आम्ही जाणून आहोत. गेल्या वर्षी कार्यकारी मंडळापुढे महिला शाखेचा एक अर्ज आला होता. सकाळच्या वेळी संस्थेचे सभागृह रिकामे असते, त्या वेळात भगिनींना हुला हूपचा, म्हणजे कंबरेभोवती कडे फिरविण्याचा व्यायाम करण्याची मुभा असावी, एवढीच त्यांची मागणी होती. तो अर्ज पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला आणि त्या पाचांत आमचे मत होते. लहान मुलांचे खेळणे, सर्कशीतला प्रकार, प्रौढ स्त्रियांना न शोभणारा, असे आम्ही त्या सभेत बोललो. इतिवृत्तात ते शब्द सौम्य करून लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते इतके सौम्य नव्हते.

त्यानंतर चार महिन्यांनी आमच्या वहिनींच्या डाव्या पायाचा अंगठा मधुमेहामुळे काढावा लागला. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी संमेलनाच्या पंगतीस पान मांडले आहे, त्या सर्वांनी वहिनींच्या हातची आमटी खाल्ली आहे. हातपाय काडीसारखे, त्यांना स्थूल असे कोणी म्हटले नसते. दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बाईला निराळा व्यायाम हवा कशाला, असेच आम्ही घरातले सारे मानीत आलो. इस्पितळात प्रथमच कोणी फीत घेऊन त्यांची कंबर मोजली, ती ९४ सेंटिमीटर भरली. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही भेटीस गेलो असता त्यांनी विचारले, "भाऊजी, सभागृहाचं पुढे काय झालं?" अर्जावर सह्या करणाऱ्यांत त्यांचेही नाव होते, हे आम्ही तोवर पाहिलेच नव्हते.

कडे फिरविले असते तर अंगठा वाचला असता, असे आम्ही म्हणत नाही. रोग फार आधीपासून मुरलेला होता. परंतु त्या प्रश्नाने आमची झोप उडविली आणि निवृत्त शिक्षकाचे जे एकच व्यसन, म्हणजे वाचन, त्याच्या मागे आम्ही लागलो.

प्रथम कंबरेविषयी. आपल्या लोकांत वजन बेताचे, पण पोट सुटलेले, असा देह फार. या गोष्टीचा मोठा अभ्यास पुण्यातच झाला आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपली स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. शरीरातील चरबी मात्र यंत्राने मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! वजनाचा काटा जे सांगत नाही ते कंबरेची फीत पुष्कळसे सांगते, ते यामुळे. दक्षिण आशियातील लोकांसाठी ही मर्यादा स्त्रियांना ८० व पुरुषांना ९० सेंटिमीटर धरतात. युरोपीय पुरुषांस ती ९४ आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला होता. आपल्या ज्ञातीत किती, याची खानेसुमारी कोणी केलेली नाही. पण पंगतीत 'मला साखर नको' म्हणणारांची संख्या वाढते आहे, हे वाढपी सांगतील.

आता कड्याकडे वळू. कडे हे खेळणे फार पुरातन. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रीक कुंभ आहे. त्यावर गॅनिमीड नावाचा कुमार एका हाताने कडे पळवीत असलेला चितारला आहे. सायकलची जुनी रिंग काठीने हाकीत गल्लीतून धावणारी आमच्या पिढीची मुले त्याचीच भावंडे म्हणावयाची. कंबरेभोवतीचे कडे जगभर पोहोचले ते मात्र १९५८ साली. ऑस्ट्रेलियातील मुले व्यायामाच्या तासाला बांबूची कडी फिरवितात, हे कॅलिफोर्नियातील व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीच्या रिचर्ड नर आणि आर्थर मेलिन या दोन चालकांच्या कानी आले. त्यांनी तेच कडे प्लॅस्टिकच्या नळीचे केले आणि हवाई बेटांतील नृत्याचे नाव धारण केलेले ते खेळणे दोन डॉलरांना दोन सेंट कमी अशा किमतीस विकावयास काढले. चार महिन्यांत अडीच कोटी कडी खपली असे सांगतात. गंमत अशी की, फिलिप्स पेट्रोलियम या कंपनीने नव्यानेच काढलेले कठीण पॉलिएथिलीन तोवर गिऱ्हाइकाविना कोठारांत पडून होते. त्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते या पोरखेळामुळे. वर्ष संपता संपता ती लाट ओसरली. कडे मात्र उरले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये ते स्त्रियांच्या स्पर्धेचे एक साधन आहे. तेव्हा 'सर्कशीतला प्रकार' हे आमचे वाक्य त्याच वेळी अज्ञानाचे होते.

कडे खाली का पडत नाही, याचे उत्तर आम्हांस वाटले त्याहून मनोरंजक निघाले. पाहणारास वाटते की कंबर गोल फिरविली पाहिजे. तसे नव्हे. कंबर पुढे-मागे, अथवा बाजूंना, तालात झुलविली की पुरते. गोल फिरण्याचे काम कडे आपण होऊन करते. प्रत्येक फेरीत शरीर त्याला योग्य क्षणी एक हलका धक्का देते. घोटे, गुडघे, नितंबांचे सांधे हे सर्व त्या तालात सामील होतात आणि पोट व पाठ यांचे स्नायू क्षणभरही सैल पडत नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठातील गणितज्ञांनी अलीकडेच यंत्राच्या निर्जीव आकृत्यांभोवती कडी फिरवून पाहिली. सरळ खांबासारख्या आकृतीवरून कडे घसरले. वर-खाली रुंद आणि मध्ये बारीक अशा डमरूसारख्या आकृतीवर ते स्थिर राहिले. ज्यांची कंबर डमरूसारखी उरलेली नाही अशांनी, आणि त्यांत आम्ही अग्रभागी आहोत, निराश होण्याचे कारण नाही. आम्हांस थोडे अधिक झुलावे लागते, इतकेच.

लाभाचे काय? येथे जाहिरातदारांवर विश्वास ठेवू नये. पोटावर कडे फिरविले की पोटाचीच चरबी लोण्यासारखी वितळते, असे ते भासवितात; शरीर असा हिशेब मानीत नाही. खरे प्रयोग पाहावेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील शाखेत सोळा स्त्रियांना अर्धा तास कडे फिरवावयास लावून मोजणी केली, तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटास सरासरी १५१ झाले आणि मिनिटास सुमारे ७ उष्मांक, म्हणजे अर्ध्या तासात २१०, खर्च झाले. ही भरभर चालण्याच्या तोडीची मेहनत झाली. मात्र तूप माखलेल्या एका पुरणपोळीत ही सारी कमाई परत जाते, हेही आजच्या दिवशी सांगितलेले बरे.

दुसरा प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. फिनलंडमधील संशोधकांनी तो २०१९ साली प्रसिद्ध केला. वजन वाढलेल्या पन्नासावर माणसांनी सहा आठवडे दीड किलो वजनाचे कडे फिरविले आणि सहा आठवडे चालण्याचा व्यायाम केला. काहींनी आधी हे, काहींनी आधी ते. कडे रोज सरासरी तेरा मिनिटे, चालणे रोज सुमारे दहा हजार पावले. वजनाच्या काट्यावर दोहोंत विशेष अंतर पडले नाही. परंतु कड्याच्या काळात कंबर सरासरी ३ सेंटिमीटरने उतरली, चालण्याच्या काळात एक सेंटिमीटरही नाही. धडाचे स्नायू वाढले, पोटाच्या भागातील चरबीचे प्रमाण घटले, आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉलही उतरले. उलट रक्तदाब उतरला तो चालण्याने. हितकारक कोलेस्टेरॉल वाढले तेही चालण्याने. म्हणून कडे मिळाले की चालणे सोडावे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरात सकाळी डबे, नळाचे पाणी आणि शाळेची बस यांतून तासभर बाहेर पडणे अशक्य, तेथे ही तेरा मिनिटे सापडू शकतात.

आमच्या धाकट्या सूनबाईंनी आम्हांस हे शिकविले, दार लावून. पहिले चार दिवस कडे पायांशी. मग तिने सांगितले, "मामंजी, लहान कडं घेऊ नका, मोठं घ्या." जमिनीवर उभे केलेले कडे बेंबीच्या वर, छातीच्या खाली आले की नवशिक्यास योग्य, मोठे व किंचित जड कडे सावकाश फिरते आणि ताल सापडण्यास अवधी देते. एक पाऊल थोडे पुढे, कडे पाठीला टेकवून आडवे सोडावयाचे आणि मग पुढे-मागे. थोड्या दिवसांनी दिशा बदलावी, नाही तर एकच बाजू राबते. पहिल्या आठवड्यात कंबरेवर काळेनिळे वळ उठतात. घाबरू नये, पण कडे फार जडही घेऊ नये. गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या, हर्निया असलेल्या, मणक्याचे दुखणे किंवा हाडे ठिसूळ झालेली असलेल्या भगिनींनी वैद्याला विचारल्याखेरीज या वाटेस जाऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असणारांनी उपाशीपोटी करू नये आणि पायांत नेहमी पादत्राण ठेवावे. हे आम्ही वहिनींच्या खाटेशेजारी शिकलो.

कडे विकतच घेतले पाहिजे असेही नाही. पाण्याची काळी पॉलिएथिलीन नळी, पाऊण इंची, नळकामाच्या दुकानात मीटरवर मिळते. एक मीटर व्यासाच्या कड्यास ३.१४ मीटर नळी लागते. टोके गरम पाण्यात धरून मऊ करावीत, सांधा आत दाबावा, वर चिकटपट्टी गुंडाळावी. पट्टी खरखरीत असेल तर कडे लुगड्यावर पकड घेते, गुळगुळीत असेल तर घसरते.

लुगड्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न अद्याप काहींच्या मनात असेल. २०२० च्या सप्टेंबरात दिल्लीच्या एशना कुट्टी या तरुणीचे साडी नेसून कडे फिरवितानाचे चलच्चित्र देशभर पाहिले गेले. पण इतक्या लांब जाण्याची तरी गरज काय? मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा घालणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी कंबर हलविली नाही काय? त्या जागरणात कोणी ज्ञातीची अब्रू गेली असे म्हटले नाही. त्यांना ती मुभा वर्षाकाठी थोड्याच रात्री होती, आणि आम्ही या अर्जदार भगिनींना तेवढीही दिली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही कार्यकारी मंडळापुढे तोच अर्ज आपल्या सहीने पुन्हा मांडला. या वेळी विरुद्ध मत एकच पडले. ते कोणाचे, हे सांगणार नाही, कारण ते सद्गृहस्थ समोरच बसले आहेत आणि त्यांची कंबर आम्ही नजरेने मोजली आहे. येत्या सोमवारपासून सकाळी साडेसहा ते साडेसात सभागृह भगिनींसाठी उघडे राहील. किल्ली पहारेकऱ्याकडे असेल. बारा कडी आम्ही व सूनबाईंनी मिळून तयार करून कोठीच्या खोलीत ठेवली आहेत. तेराव्यावर वहिनींचे नाव लिहिले आहे. त्यांना तूर्त उभे राहता येत नाही, पण खुर्चीवर बसून ताल मोजण्यास आपण येऊ, असा त्यांचा निरोप आहे.