नानीची काळी भिंत

(जवाहरनगर, जि. भंडारा इथं सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झालेल्या बैठकीतील भाषण)



मला इथं बोलावलं ते जवाहरनगरचा मुलगा म्हणून. अब्बा फॅक्टरीत होते. आपण बहुतेक जण क्वार्टरमध्येच वाढलो. क्वार्टरला नंबर असतो, टाइप असतो. निवृत्त झालं की चावी परत द्यायची, मग चुना लागतो आणि दुसरं कुटुंब राहायला येतं. म्हणून 'आमचं जुनं घर' म्हटलं की आपल्यातल्या प्रत्येकाला वेगळंच गाव आठवतं. मला पवनी आठवते. नानीचं घर.

जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं ओसरी. ओसरीतल्या एका भिंतीला नानी कोळसा कुटून काळा लेप द्यायची. दुपारी मोहल्ल्यातल्या मुली यायच्या. आधी कुरआनचा सबक, मग त्या भिंतीवर खडूनं बाराखडी. शेजारच्या कोष्ट्यांच्या दोन मुलीही बाराखडीपुरत्या येऊन बसायच्या. नानी स्वतः चौथी शिकलेली. हजेरीचं रजिस्टर नव्हतं, फी नव्हती, शाळेला नावही नव्हतं.

२०१९ मध्ये ते घर पाडलं. कुणा बिल्डरनं नाही, आम्हीच पाडलं. नानी गेल्यावर तिथं राहायला कुणी नव्हतं, एक भिंत पावसानं फुगली होती, तिघा मामूंना वाटणी हवी होती. हिशेबाची एक्सेल शीट मी केली. कुणाला किती चौरस फूट, सागवानी दारं आणि तुळयांचे किती आले, कवेलूचे किती, जेसीबीचे किती गेले. प्रत्येक गोष्टीला रकाना होता, काळ्या भिंतीला नव्हता. सकाळी काम सुरू झालं आणि जुहरच्या अजानपर्यंत मैदान झालं होतं.

गेल्या वर्षी मामूच्या नातीला शाळेत 'आपल्या गावचा इतिहास' असा प्रकल्प होता. तिनं पणजीच्या या शाळेवर लिहिलं. बाईंनी चांगल्या मनानंच विचारलं, "याचा फोटो आहे का?" तिनं मला फोन केला. मी शोधले. त्या ओसरीतले आमच्याकडचे सगळे फोटो लग्नांतले आहेत आणि प्रत्येक फोटोत काळ्या भिंतीवर पडदा टाकलेला आहे. पाहुण्यांसमोर चांगली दिसत नाही म्हणून.

"पुरावा काय?" हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सोडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख नावाची शिक्षिका झालीच नाही, असा दावा समाजमाध्यमांवर केला गेला. उत्तर द्यायला आपल्याकडं काय होतं? फातिमाचा उल्लेख असलेलं सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र आणि एक जुनं छायाचित्र. एवढ्यावर आपण भांडत होतो.

चरित्रकार सांगतात की वडिलांनी घराबाहेर काढल्यावर जोतिराव-सावित्रीबाईंना उस्मान शेख यांनी आपल्या घरात आसरा दिला. मी पुण्यात नोकरी करतो. एका रविवारी मुद्दाम गंज पेठेत गेलो. फुले वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलतो. मग मी उस्मान शेखांच्या घराची जागा शोधत गल्ल्यांतून फिरलो. पाटी कुठं दिसली नाही. ज्यांना विचारलं त्यांनी मला पुन्हा फुले वाड्याचाच रस्ता दाखवला. आसरा घेणाऱ्यांचं घर राहिलं, देणाऱ्याचं मला सापडलं नाही.

तिथून थोड्या अंतरावर, बुधवार पेठेत भिडे वाडा होता. १८४८ मध्ये तात्यासाहेब भिडे यांनी तिथं मुलींच्या शाळेला जागा दिली. पुढं त्या वाड्यात दुकानं आली. स्मारकाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महापालिकेच्या बाजूनं निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये तो मोडकळीला आलेला वाडा पाडण्यात आला, स्मारक बांधण्यासाठी. स्मारक व्हायलाच हवं. पण वाडाच टिकवायची वेळ कधीच निघून गेली होती, हेही म्हटलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, हा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहतो आणि आम्हाला मातीची घरं जपायला सांगतो. नाही सांगत. पावसाळ्यात भिंत अंगावर येईल म्हणून रात्र जागून काढणाऱ्याला मी वारसा शिकवणार नाही. घरकुलाचं अनुदान मंजूर झालं तर माणूस कच्चं घर पाडून पक्कं बांधणारच, आणि बांधावं. माझी तक्रार पाडण्याबद्दल नाही. पाडण्याआधी आपण काहीच लिहून ठेवत नाही, याबद्दल आहे.

त्याच पवनीत १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. स्तूप निघाला, ब्राह्मी लेख निघाले. त्या लेखांत दान देणाऱ्या माणसांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी काय दिलं, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि सहा वर्षांपूर्वीपर्यंत उभ्या असलेल्या ओसरीची लांबी-रुंदी मला सांगता येत नाही.

आमच्या कामात जुनी सिस्टिम बंद करण्याआधी तिच्यातला डेटा काढून घेतात. कंपनीसाठी ही शिस्त मी रोज पाळतो. नानीच्या घरासाठी नाही पाळली.

मग काय करायचं? कायद्याकडून काय मिळतं ते आधी सांगतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात स्मारक किमान शंभर वर्षांचं लागतं. आपल्या घरांना ते दार बंद आहे. पण महाराष्ट्राचा १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्याच्या कलम २२ नुसार शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि जागांच्या जतनाची तरतूद करता येते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती-सूचना मागवतात. आपण तेव्हा जातो ते आपल्या प्लॉटवर रस्ता आला का हे बघायला. एखादी जुनी शाळा, एखादी सराई, एखादा वाडा यादीत घ्या, असा अर्ज कोण देतो? तो आपण द्यायचा.

आणि ज्याला कुठल्याही अर्जाची गरज नाही, असं काम. घर पाडायचं ठरलं की एक दिवस थांबा. टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा, कागदावर नकाशा काढा. रिकाम्या घराचे फोटो काढा, पडदे काढून. कर आकारणीचा उतारा, जुनी खरेदीखतं, असतील ती कागदं स्कॅन करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोबाइल समोर ठेवून विचारा, इथं कोण राहायचं, कोण यायचं, कुठं बसायचं. तारीख टाका. दोन प्रती करा, एक घरात आणि एक गावच्या वाचनालयात.

मी उशिरा सुरुवात केली आहे. नानीकडं बाराखडी शिकलेल्या कोष्ट्यांच्या दोघींपैकी एक मावशी भंडाऱ्यात राहतात. दिवाळीत मी त्यांच्याकडं गेलो, कागद पुढं ठेवला. त्यांनी पेन घेऊन ओसरी काढली, दार काढलं, आणि काळी भिंत दाराच्या डावीकडं दाखवली. मला ती उजवीकडं आठवते. मामूंना विचारलं तर एक डावीकडं म्हणतात, एक उजवीकडं, तिसऱ्यांना अशी भिंत आठवतच नाही.

मी कागदावर दोन्हीकडं खूण करून ठेवली आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या गावी घर अजून उभं आहे, त्यांनी जाताना मला भेटा. टेप माझ्याकडं आहे.