सूर्यफुलाची मुशाफरी



आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत या क्षणीं एक सूर्यफूल आहे. तें फुलदाणींत नाहीं. तेलाच्या पिशवीवर छापलेलें आहे. त्या पिंवळ्याधमक चित्राकडे आपण एरवीं लक्षहि देत नाहीं. लक्ष देण्याची पाळी आली ती २०२२ सालच्या मार्च महिन्यांत. फेब्रुवारीच्या २४ तारखेस रशियाचें सैन्य युक्रेनमध्यें शिरलें, काळ्या समुद्रावरील बंदरें बंद पडलीं, आणि थोड्याच आठवड्यांत आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्यानें "एका घराला दोनच पिशव्या" असें सांगावयास आरंभ केला. आमच्या मातोश्रींना तें कांहीं केल्या पटेना. त्यांचें माहेर बार्शीकडचें. त्या म्हणाल्या, "सूर्यफूल आमच्या शिवारांतलें, लढाई तिकडे आणि तुटवडा इकडे, हा कोणता न्याय?" त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तेंच आज जरा सविस्तर देणार आहें.

पहिली गोष्ट ही, कीं हें फूल मुळांत बार्शीचें नव्हे आणि युक्रेनचेंहि नव्हे. आपल्या संस्कृत ग्रंथांत 'आदित्यभक्ता' नांवाची एक वनस्पति येते. तिच्याकडे बोट दाखवून कोणी सूर्यफुलाची प्राचीनता सिद्ध करूं लागल्यास त्याला नम्रपणें थांबवावें. कारण कोलंबसाच्या सफरीपूर्वीं अमेरिकेबाहेर कोणाहि मनुष्यानें हें फूल पाहिलेलें नव्हतें. ग्रीक पुराणांत क्लायटी नांवाची अप्सरा सूर्यदेवाकडे पाहत झुरते व शेवटीं फूल होते, तें फूलहि याच कारणास्तव निराळें ठरतें. सूर्यफुलाचें माहेर उत्तर अमेरिका. रानटी सूर्यफुलाच्या झाडाला अनेक फांद्या व प्रत्येक फांदीवर लहानसें फूल असतें, आणि बीहि अगदीं बारीक. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत व आसपास राहणाऱ्या लोकांनीं चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं त्यांतील टपोरें बी निवडून पेरण्यास सुरुवात केली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनें एका दांड्यावर एकच ताटाएवढें फूल आणलें.

हें काम बहुधा बायकांचें होतें. मिसूरी नदीच्या कांठीं हिदात्सा नांवाची एक जमात राहते. त्या जमातींतील एका वृद्ध स्त्रीनें आपल्या शेतीची सर्व हकीकत गिल्बर्ट विल्सन नांवाच्या अभ्यासकास सांगितली व ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. इंग्रजींत त्या बाईंचें नांव बफेलो बर्ड वूमन असें दिलेलें आहे. वसंतांत सर्वांत आधीं सूर्यफूल पेरावयाचें आणि शरदांत सर्वांत शेवटीं काढावयाचें, असा त्यांचा क्रम. एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला त्यांच्या भाषेंत नांवच मुळीं सूर्यफूल-पेरणीचा महिना! मात्र संबंध शेतभर तें कोणी लावीत नसे; मक्याच्या शेताच्या कडेकडेनें, अंतराअंतरानें एकेक आळें. काळें, पांढरें, तांबूस आणि पट्ट्यांचें अशा बियांच्या जाति असत, आणि प्रत्येक कुटुंब आपल्या पसंतीची जात लावी. बी भाजून, उखळांत कुटून, मुठींत दाबून त्याचे लाडू वळीत. शिकारीस किंवा लढाईस निघालेला पुरुष असा एक लाडू जवळ बाळगी आणि थकला म्हणजे त्याचा एखादा तुकडा तोंडांत टाकी. आपल्याकडील दाण्याचा लाडू ज्यांनीं प्रवासांत खाल्ला आहे त्यांना यांतील शहाणपण समजावून सांगावयास नको. नैर्ऋत्येकडील होपी लोक तर याच बियांच्या टरफलांपासून टोपल्यांसाठीं जांभळाकाळा रंग काढीत.

असें हें अन्न सोळाव्या शतकांत स्पेनमार्गें युरोपांत गेलें आणि तेथें नुसती शोभेची वस्तु होऊन बसलें. जॉन जेरार्ड नांवाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्या १५९७ सालच्या ग्रंथांत, माझ्या बागेंत सूर्यफूल चौदा फूट वाढलें, असें अभिमानानें लिहून ठेविलें आहे. १७१६ सालीं इंग्लंडांत एका गृहस्थानें या बियांच्या तेलाचें पेटंटहि मिळविलें. पण तें लोकर व कातडें यांच्या कामासाठीं. दोनशें-अडीचशें वर्षें गेलीं, फुलें उंचच उंच होत गेलीं, आणि बिया पाखरांनीं खाल्ल्या.

तेल खरें निघालें तें रशियांत. त्या देशांतील सनातनी ख्रिस्ती लोकांचे उपवास मोठे कडक आणि लांबलचक; त्यांत मांस नाहीं, लोणी नाहीं, दूधहि नाहीं. अशा घरांतून वनस्पतीच्या तेलास केवढी किंमत असेल याची कल्पना उपवासाचें घर चालविणाऱ्या आपल्या भगिनींना सहज येईल. (बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हे तिघेहि अमेरिकेचे पाहुणे आपल्या एकादशीच्या पानांत कोणत्या दारानें शिरले, हा प्रश्न मात्र आज नको.) व्होरोनेझ प्रांतांत अलेक्सेयेव्का नांवाचें गांव होतें व तें काउंट शेरेमेत्येव्ह यांच्या जहागिरींत मोडत असे. तेथील दानील बोकार्योव्ह या भूदासानें, म्हणजे जमिनीबरोबर विकला जाऊं शकणाऱ्या कुळानें, १८२९ सालीं परसांतील सूर्यफुलाचें बी हातदाबावर पिळून पाहिलें. तेल गोड व स्वच्छ निघालें. चारपांच वर्षांतच एका व्यापाऱ्यानें त्याच्या मदतीनें तेथें तेलाचा कारखाना उभारला, आणि पुढें पाहतां पाहतां युक्रेनपासून व्होल्गा नदीपर्यंत काळ्या मातीचीं शेतें पिंवळीं झालीं.

यापुढील नांव व्हासिली पुस्तोव्होइत यांचें. हे गृहस्थ आजच्या क्रास्नोदार शहरीं शेतकीशाळेंत शिकवीत. १९१२ सालापासून त्यांनीं सूर्यफुलाच्या निवडीचें काम हातीं घेतलें तें १९७२ सालीं मृत्यु येईपर्यंत सोडलें नाहीं. मधल्या काळांत झारशाही गेली, यादवी झाली, १९४२ सालीं जर्मन सैन्यानें तें शहरहि घेतलें. त्यांची पद्धति एखाद्या काटकसरी गृहिणीसारखी होती. निवडलेल्या प्रत्येक झाडाचें बी घेऊन त्याचे दोन भाग करावयाचे. एक भाग पेरून त्याची परीक्षा पाहावयाची आणि दुसरा नांव घालून डब्यांत राखून ठेवावयाचा. शेतांत कोणत्या झाडाची संतति सरस ठरली हें कळलें, कीं मग डब्यांतील त्याच झाडाचें राखीव बी काढावयाचें. सरस झाडाला निकस शेजाऱ्याचा पराग लागण्याची भीति त्यामुळें उरत नसे. त्यांनीं आरंभ केला तेव्हां बियांत तिसऱ्या हिश्शाच्या आंतबाहेर तेल असे; शेवटीं तें निम्म्याहून अधिक झालें. आपल्या कढईंतील तेलाचें मूळ धुंडाळीत गेल्यास तें या डब्यांपाशीं येऊन थांबतें.

आतां प्रत्यक्ष फुलाकडे वळूं. ज्याला आपण एक फूल म्हणतों तें एक फूल नव्हेच. ती हजार-दीड हजार चिमुकल्या फुलांची सभा आहे. कडेचीं पिंवळीं पानें हीं वांझ फुलें, किड्यांना बोलावणारीं. बी धरतें तें मधल्या तबकडींत. त्या तबकडींतील दाण्यांच्या चक्राकार ओळी मोजून पाहाव्या. एका दिशेनें ३४ भरल्या तर दुसऱ्या दिशेनें बहुधा ५५ भरतात. मोठ्या फुलांत ५५ आणि ८९. मागील दोन संख्यांच्या बेरजेनें पुढील संख्या व्हावी अशी ही मालिका आहे, आणि बाराव्या शतकांत आचार्य हेमचंद्रांनीं लघुगुरूंच्या मांडणीचा हिशेब करतांना हीच मालिका सांगितली आहे. प्रत्येक नवा अंकुर मागल्याशीं सुमारें साडेएकशेसदतीस अंशांचा कोन करून उगवतो, आणि त्यामुळें जागा कोठेंहि वायां जात नाहीं.

आणि तें सूर्याकडे तोंड फिरविणें? तें खरें आहे, पण तारुण्यापुरतें. कोंवळ्या झाडाचा दांडा दिवसा पूर्वेच्या बाजूनें अधिक वाढतो, म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो; रात्रीं उलट होतें. फूल पुरतें उमललें, कीं हें थांबतें व तें पूर्वेकडे तोंड करून कायमचें उभें राहतें. तें वेडेपणानें नव्हे. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे फिरवून पाहिल्या, तेव्हां सकाळच्या उन्हानें लौकर तापलेल्या पूर्वाभिमुख फुलांवर सुमारें पांचपट माशा येतात, असें त्यांना आढळलें. १९१६ नव्हे, २०१६ सालची ही गोष्ट आहे. इतक्या जुन्या फुलाचें एवढें साधें कोडें इतक्या अलीकडे सुटलें.

तेल काढल्यावर पेंड उरते ती गुरांना. युक्रेनमध्यें चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ सालीं झाला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं तेथील एका तळ्यावर तराफे तरंगत ठेवून त्यांवर सूर्यफुलें वाढविलीं, आणि त्यांच्या मुळांनीं पाण्यांतील किरणोत्सर्गी द्रव्यें शोषून घेतलीं. जपानांत फुकुशिमाच्या मातींत २०११ सालीं हाच प्रयोग केला, तेथें मात्र विशेष गुण आला नाहीं. माती आपलें द्रव्य सहजासहजीं सोडीत नाहीं. युक्रेनमध्येंच १९९६ सालच्या ४ जूनला पेर्वोमाइस्कच्या क्षेपणास्त्रतळावर अमेरिका, रशिया व युक्रेन या तिन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांनीं मिळून सूर्यफुलें लावलीं. जेथें अण्वस्त्रें होतीं तेथें आतां तेलबिया, असा त्या समारंभाचा भाव होता. त्यानंतर छत्तीसहि नव्हे, अवघीं सव्वीस वर्षें गेलीं, आणि मी ज्या मार्च महिन्याची गोष्ट आरंभीं सांगितली तो उजाडला.

मग बार्शीचें काय? पुस्तोव्होइत यांच्या 'पेरेदोविक' वगैरे जातींचें बी १९६९ सालीं सोव्हिएट रशियांतून आपल्या देशांत आलें. कमी पाण्यांत येणारें, तीन-साडेतीन महिन्यांत हातीं लागणारें हें पीक सोलापूर, लातूर, उस्मानाबाद, बीड या भागांतील शेतकऱ्यांना आवडलें. १९९३-९४ सालीं हिंदुस्थानांत पंचवीस लाखांहून अधिक हेक्टर जमीन सूर्यफुलाखालीं होती. आज ती त्याच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी आहे, आणि आपण खातों त्या सूर्यफूल-तेलापैकीं जवळजवळ सर्व परदेशचें आहे. १९९४ पासून बाहेरचें स्वस्त पामतेल येऊं लागलें. १९९७ सालीं कर्नाटकांत एक विषाणुरोग दिसला व तो इकडेहि पसरला; गाजरगवतावर तो दबा धरून बसतो आणि फुलकिडे त्याला परागाबरोबर पिकावर आणतात. सोयाबीनला पाखरें त्रास देत नाहींत, म्हणून शेतकरी तिकडे वळला. मला यांत त्याचा दोष दिसत नाहीं.

माझ्या लहानपणीं मामांच्या शेतांत सूर्यफूल असे. पोपटांचे थवे उतरत आणि आम्हां मुलांना पत्र्याचे डबे बडवीत दिवसभर बांधावर फिरावें लागे. मामीचें काम अधिक नाजूक होतें. या झाडाला स्वतःचा पराग सहसा चालत नाहीं. मधमाशा कमी असल्या तर मधले दाणे पोचट राहतात. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळीं आठ वाजल्यापासून मामी हाताला मऊ फडकें गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच हात फिरवीत जाई. दुपारपर्यंत तिचा हात कोपरापर्यंत पिंवळा होई.

गेल्या हिवाळ्यांत मातोश्रींना घेऊन मी तेथें गेलों होतों. शेतांत हरभरा होता. पण बांधाच्या कडेनें, अंतराअंतरानें, सूर्यफुलाचीं वीसेक झाडें उभीं होतीं. विकण्यापुरतीं तीं नव्हतींच. मामेभावाच्या पत्नीला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "सासूबाईंनीं डब्यांत बी राखून ठेवलं होतं, ते दरसाल थोडं लावते." मातोश्रींनीं येतांना त्यांतलें मूठभर बी पदरांत बांधून आणलें. आमच्या गच्चीवरील कुंडींत त्याला या आठवड्यांत तिसरें पान फुटलें आहे.